पाडव्याचं ताट

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. वय छप्पन्न. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मुलगा परगावी नोकरीला, नवरा मितभाषी आणि सज्जन. सहा वर्षांपूर्वी गाण्याच्या क्लासात तिची एका विधुर गृहस्थांशी ओळख झाली आणि ती त्यांच्या प्रेमात पडली. महिन्याभरातच तिने ते नवऱ्याला सांगून टाकलं. पुढची दोन वर्षं त्या घराने कशी काढली ते मी जवळून पाहिलं आहे. कित्येक आठवडे जेवताना 'मीठ दे' एवढंच बोलणं. नवरा दोनदा भावाकडे राहायला गेला आणि दोनदा परत आला. घर मोडलं नाही. आता नवरा-बायको एकत्र राहतात, ते गृहस्थ स्वतःच्या घरी राहतात, आणि तिघांनाही सगळं ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. "दोघांवर प्रेम करता येतं का, हे आता मला कुणाला विचारायचं नाही गं. ते कळलंय मला. पाडव्याला दोघांना ओवाळता येतं का, तेवढं सांग." ते गृहस्थ सहज बोलून गेले होते, बायको गेल्यापासून मला कुणी ओवाळलं नाही म्हणून.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, की रविवारच्या पुरवण्यांत 'पॉलिअ‍ॅमरी'वर जे लेख येतात, त्यांतला प्रश्न आणि हिचा प्रश्न वेगळे आहेत. पुरवण्यांना विचारायचं असतं, मनात दोघांना जागा असते का? हिला विचारायचं होतं, ताटात दोघांना जागा असते का? पहिला प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा सोपा आहे. दुसरा समजतो त्यापेक्षा फार अवघड.

आधी सोपा घेऊ. 'खरं प्रेम एकावरच असतं' असं आपण ठामपणे म्हणतो. पण तो अनुभवातून काढलेला निष्कर्ष नसतो. कुणी दोघांवर प्रेम करताना दिसलं, की त्यातलं एक प्रेम आपण ताबडतोब 'आकर्षण', 'सवय' किंवा 'सहानुभूती' म्हणून बाजूला काढतो, आणि उरलेल्या एकाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, एकावरच होतं. निकाल आधी लिहून मग साक्षी घेण्यातला हा प्रकार आहे. उलट रोजच्या जगण्यात आपण वेगळंच पाहत आलो आहोत. पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न झालं, तर दुसरीने पहिलीची पुतळी किंवा टाक गळ्यात घालायची आणि सणावारी तिची पूजा करायची, अशी रीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत होती. त्यामागे मेलेल्या सवतीच्या कोपाची भीती होती, हे उघड आहे. पण त्या भीतीच्या पोटात एक कबुलीही होती: पहिली या घरातून गेली असली तरी या माणसाच्या मनातून गेलेली नाही, आणि दुसरीला ते गळ्यात वागवूनच इथे राहायचं आहे. मेलेल्या माणसावरचं प्रेम आणि जिवंत माणसावरचं प्रेम एका मनात एका वेळी राहू शकतं, हे ज्यांना मान्य आहे, त्यांनी 'एका वेळी एकच' हा नियम तिथेच सोडलेला असतो. पुढे उरतो तो दुसरा माणूसही जिवंत असण्याचा प्रश्न. आणि जिवंत माणसाला जागा लागते, वेळ लागतो, त्याला दुखतं. म्हणजे फरक मनाच्या क्षमतेचा नाही, परिणामांचा आहे.

जोडीदार गेल्यावर दुसरं लग्न करण्याची मुभाही सर्वांना नव्हती. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या, पुढे त्या आनंदीबाई झाल्या. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. कर्वे विधुर होते. त्यांनी एखाद्या कोवळ्या कुमारिकेशी लग्न केलं असतं, तर गाव जेवायला आलं असतं. बहिष्कार पडला तो गोदूबाईंचं हे दुसरं लग्न होतं म्हणून. बायको गेली की पुरुषाच्या मनातली जागा रिकामी होते, नवरा गेला तरी बाईच्या मनातली होत नाही, असा तो हिशेब होता. आठव्या वर्षी लग्न होऊन लवकरच विधवा झालेल्या मुलीच्या मनात त्या नवऱ्याची जागा होती तरी का, हे कुणी विचारलं नाही.

हा हिशेब ध्यानात ठेवावा, कारण या विषयातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते. पुढे याच कर्व्यांच्या घरात तीन पिढ्या या ना त्या रूपाने हा प्रश्न फिरत राहिला. मराठीत त्यावर जे काही धीटपणे लिहिलं गेलं, त्यातलं बरंच त्या एका घरातून आलं आहे.

त्याआधी खंडोबाच्या जेजुरीला जाऊन येऊ. गड चढताना वाटेत बानूबाईचं देऊळ लागतं. म्हाळसा वर, देवाच्या शेजारी. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बानू धनगराची. गोष्ट अशी सांगतात, की देव म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडून गेला. त्या काळात वेश पालटून त्याने बानूच्या घरची मेंढरं राखली, आणि येताना बानूला घेऊन आला. मग दोघी भांडल्या. जागरणात वाघ्या-मुरळी हे भांडण रंगवून गातात. एकमेकींची जात निघते, रूप निघतं, चुलीवर काय शिजतं ते निघतं, आणि बसलेली माणसं पोट धरून हसतात. पंढरपुरातही रुक्मिणीचा गाभारा वेगळाच आहे. राधेवरून रुसून ती दिंडीरवनात येऊन बसली, ही कथा वारीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

या कथांमध्ये देवाचं खरं प्रेम म्हाळसेवर की बानूवर, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. दोघींवर आहे, हे गृहीत धरूनच गोष्ट सुरू होते. वाद आहे तो गाभाऱ्यात कोण आणि पायऱ्यांवर कोण, एवढाच. म्हणजे लोकांनी पहिल्या प्रश्नावर वेळच घालवलेला नाही. ते थेट माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नावर आले आहेत. फक्त त्यांनी तो एकाच बाजूने विचारला. म्हाळसेला दुसरा कुणी आवडला, अशी कथा नाही. आपल्या भाषेत 'सवत' हा शब्द आहे, 'सवतीमत्सर' हा शब्द आहे, बाईच्या दोन पुरुषांनी एकमेकांना काय म्हणावं याला रोजच्या वापरातला शब्द नाही. जी गोष्ट घडू द्यायचीच नाही तिला नाव कशाला, असा भाषेचा व्यवहार असतो. आणि देवाच्या या मोठ्या मनाचा खर्च कथेबाहेरच्या खऱ्या मुलींनीही उचलला. मुरळी म्हणून देवाला वाहिलेल्या मुलीला नवरा मिळाला तो देव. संसार मिळाला नाही.

एका बाईचे पाच नवरे सांगणारी कथा आपल्याकडे आहेच. ती बारकाईने वाचली तर दिसतं, की व्यासांना प्रेमाच्या वाटणीतली अडचण आपल्यापेक्षा नीट कळली होती. नारद येऊन पांडवांना सुंद-उपसुंदांची गोष्ट सांगतात. तिलोत्तमेपायी एकमेकांना मारून मेलेल्या भावांची. त्यावरून पाच भाऊ नियम करतात: द्रौपदी एकाबरोबर असताना दुसरा तिथे गेला, तर त्याने बारा वर्षं वनात राहायचं. नियम लेखी असावा इतका स्पष्ट, आणि शिक्षेसह. तो मोडतो अर्जुन; एका ब्राह्मणाच्या गायी सोडवायला शस्त्रं हवी असतात आणि शस्त्रं नेमकी द्रौपदी आणि धर्मराज असतात त्या दालनात. धर्मराज त्याला थांब म्हणतो, पण अर्जुन नियम पाळून जातो. या वनवासातच त्याला उलूपी भेटते, चित्रांगदा भेटते आणि सुभद्रा भेटते. सुभद्रेला घेऊन तो परततो तेव्हा द्रौपदी त्याला सरळ सांगते, की जा तिच्याकडेच. नवी गाठ बसली की जुनी सैल होते. अर्जुनाला सुभद्रेला गवळणीच्या साध्या वेशात आत पाठवावं लागतं, तेव्हा कुठे द्रौपदी शांत होते.

पाच नवरे असलेली बाई सहाव्या माणसामुळे जळते, यात मला विनोद दिसत नाही. अनेकांचं प्रेम मिळालं की मत्सर संपतो, अशी एक गोड समजूत असते. द्रौपदी ती खोटी ठरवते. तिला चार जण उरले होते. पण चार उरणं आणि एक दुरावणं यांची वजाबाकी होत नाही. प्रेमात माणसं एकमेकांच्या बदली चालत नाहीत.

यापेक्षा महत्त्वाची जागा शेवटी आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर सर्वांत आधी द्रौपदी कोसळते. भीम विचारतो, हिने तर कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? युधिष्ठिर मागे वळूनही न बघता सांगतो, की तिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता, त्याचं हे फळ. आयुष्यभर ज्या स्त्रीने पाच जणांचा संसार केला, तिच्यावर अखेरचा ठपका कोणता, तर पाचांवर सारखं प्रेम केलं नाही! भावांचं बघावं. अर्जुनाच्या आणखी तीन बायका झाल्या, भीमाची हिडिंबा होती, धर्मराजाची देविका होती, नकुल-सहदेवांनीही लग्नं केली. त्यांच्यातल्या कुणालाही समान प्रेमाचं माप लावलेलं नाही. अहंकार, बुद्धीचा गर्व, रूपाचा गर्व, खादाडपणा अशी त्यांची पापं निघाली. पक्षपात हे पाप फक्त तिच्या वाट्याला आलं.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रसंगापाशी थांबून पाहिलं. द्रौपदीचं प्रेम कुणावर होतं, यावर शतकानुशतकं चर्चा झाली. इरावतीबाईंनी प्रश्न फिरवला आणि द्रौपदीवर प्रेम कुणाचं होतं, ते शोधलं. त्यांना भीम सापडला. भीम-द्रौपदीची अखेरची भेट आपण कल्पनेने लिहीत आहोत, हेही त्यांनी लपवलं नाही. १९६७ च्या या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकवलं ते हे, की प्रेमाची मोजदाद करणारा आणि प्रेम करणारा हे सहसा एकच नसतात.

समान प्रेम, हा या विषयातला सर्वांत मोठा चकवा आहे. 'माझं दोघींवर सारखंच प्रेम आहे' असं म्हणणारा पुरुष मला आजवर पटलेला नाही. दोघांवर सारखं, असं म्हणणारी बाईही पटणार नाही. प्रेम हे किराणा दुकानातलं वाणसामान नव्हे, की दोन्ही पुड्या एका वजनाच्या बांधल्या. एकाजवळ मन मोकळं होतं, दुसऱ्याजवळ निवांत होतं. एकाशी भांडता येतं, दुसऱ्याबरोबर गाता येतं. ही प्रेमं वेगळी असतात म्हणून तर दोन असतात. सारखी असती तर एकानेच भागलं असतं. म्हणून समानतेचं वचन देणारा त्या क्षणीच पहिलं खोटं बोलतो. सारखी ठेवता येते ती वागणूक: कुणाला काय सांगितलं, कुणाच्या आजारपणात कोण बसलं, कुणाचा शब्द किती वेळा मोडला. तेवढं तरी ठेवावं.

आता मत्सराकडे. धोंडो केशव कर्व्यांच्या थोरल्या मुलाने, रघुनाथरावांनी, हा विषय उघड्यावर आणला. इरावतीबाईंचे ते थोरले दीर. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. बाई ही नवऱ्याची मालमत्ता आहे या समजुतीतून पातिव्रत्याचं एवढं स्तोम माजलं, आणि कामसुखावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते तर्कटी वाटावं इतक्या सरळपणे मांडत. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून १९३१ मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि दंड बसला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो खटलाही ते हरले.

रघुनाथरावांचं बरंचसं म्हणणं मला मान्य आहे. परपुरुषाबद्दलच्या आपल्या रागाला सातबाऱ्याचा वास येतो, यात शंका नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ पाहावं. दुसऱ्याच्या बायकोशी नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार; नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही; आणि नवऱ्याने बाहेर काही केलं, तर बायकोला तक्रारीचा हक्क नाही. मालाची चोरी आणि मालकाची परवानगी, यापलीकडे त्या कलमात काही नव्हतं. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी ते वैध ठरवलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते रद्द केलं, तेव्हा त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एका मराठी घरात बापाच्या निकालापासून मुलाच्या निकालापर्यंत यायला तेहेतीस वर्षं लागली. रघुनाथरावांच्या दंडापासून मोजलं तर सत्त्याऐंशी.

पण मत्सराची सगळी मुळं मालकीत आहेत, असं मला वाटत नाही. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने त्या वाईट दिवसांत एकदा मला म्हटलं होतं, "माझं काही हिरावलं असं वाटत नाही हो. मी पुरलो नाही, असं वाटतं." त्या वाक्याने मला फार दिवस सोडलं नाही. मालकाची तक्रार 'माझं गेलं' अशी असते. ही तक्रार निराळी होती. तिच्यात बायकोवर हक्क नव्हता, स्वतःबद्दलची शंका होती. त्यावर 'प्रेम दिल्याने कमी होत नाही' हे सुभाषित ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत अन्न भरपूर असल्याची बातमी देणं. आणि ज्या बाईचं छप्पर, नाव आणि म्हातारपणची भाकरी लग्नावर टांगलेली आहे, तिचा मत्सर तर मत्सर म्हणावा की नाही, हाही प्रश्नच आहे. नवरा दुसरीकडे जातो तेव्हा ती जळते, असं आपण म्हणतो. ती हिशेब करत असते.

म्हणूनच आंबेडकरांच्या दोन भूमिका एकत्र पाहण्यासारख्या आहेत. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने बोलण्याच्या रघुनाथरावांच्या हक्कासाठी जे न्यायालयात उभे राहिले, त्यांनीच हिंदू संहिता विधेयकात एकपत्नीत्व आणि घटस्फोट दोन्ही घातले, आणि ते विधेयक रखडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. वरवर यात विसंगती वाटते. नाही. बोलणं आणि वाटणं मोकळं असावं, आणि घरातला दर्जा मात्र कायद्याने बांधलेला असावा. कारण मोकळेपणाचा फायदा ज्याच्या हातात पैसा त्याला, आणि किंमत जिच्या हातात काहीच नाही तिला, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मुंबई इलाख्याने तर १९४६ मध्येच हिंदूंचं दुसरं लग्न बेकायदा ठरवलं होतं. त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं. मोक्षासाठी पुत्र लागतो, तेव्हा पुत्रासाठी दुसरी बायको करणं हा धर्माचा भाग, असाही युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये तो मानला नाही. पुत्र दत्तकही घेता येतो, असा त्यावरचा व्यवहारी जबाब होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हाच नियम देशभर नेला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत तोंडी तलाकबरोबर बहुपत्नीत्वही बंद करणं होतं. चार बायकांत न्याय करता येत असेल तरच ही मुभा घ्या, आणि तो न्याय तुम्हाला कितीही इच्छा असली तरी जमणार नाही, असं खुद्द कुराण सांगतं. युधिष्ठिराने द्रौपदीकडून जे मागितलं, ते माणसाच्या आवाक्यातलं नाही, हे तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे.

कायद्याने लग्न एकच ठेवलं, तरी दुसरी घरं थांबली नाहीत. ती फक्त अंधारात गेली. कित्येक गावांत अशी एक बाई असते, जिला सगळे ओळखतात आणि जिचं रेशनकार्ड वेगळं असतं. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्या एका नवऱ्याने न्यायालयात म्हटलं, की माझं दुसरं लग्न कायद्याने शून्य आहे, तेव्हा या बाईला मी पोटगी देणं लागत नाही. महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं. स्वतःच्या लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं आणि तिला पोटगी मिळाली. त्या माणसाचं दोघींवर प्रेम असेलही. न्यायालयाने ते विचारलं नाही, आणि बरोबर केलं. गुन्हा प्रेमाच्या संख्येत नव्हता. तो लपवण्यात होता.

कर्वे घराण्यातली पुढची पिढी म्हणजे गौरी देशपांडे, इरावतीबाईंची मुलगी. तिच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायका शिकलेल्या आहेत, कमावत्या आहेत, नवऱ्यावर चिडून बाहेर पडलेल्या नाहीत. नवऱ्यावरची माया तशीच असताना त्यांचं मन दुसऱ्याकडे ओढलं जातं. तोवरच्या साहित्यात अशा बाईला विहीर तरी मिळायची किंवा पश्चात्ताप तरी. गौरीने दोन्ही नाकारलं. ती तिला विचार करायला बसवते. माझ्या मते हे विहिरीपेक्षा कठीण काम आहे. तिच्या आजोबांच्या काळी गावाने एका विधवेचं दुसरं लग्न सहन केलं नव्हतं; नातीच्या काळी एक बाई दोन माणसांचा विचार करत खिडकीशी बसली, आणि वाचकांनी तिला आपली मानलं. मधे नव्वद वर्षंसुद्धा गेली नाहीत.

तरीही त्या नायिकांविषयी एक गोष्ट नजरेआड करू नये. त्यांच्याकडे स्वतःचे पैसे आहेत, निघून जायला जागा आहे. माझ्या मैत्रिणीकडेही आहे: निवृत्तिवेतन, आणि फ्लॅटवर दोघांची नावं. तिच्या नवऱ्याकडेही आहे. तिघांतला प्रत्येक जण उद्या उठून निघाला, तरी रस्त्यावर येणार नाही. म्हणून त्यांचं एकत्र राहणं ही निवड आहे. हीच गोष्ट ज्या घरात बायको नवऱ्याच्या पगारावर जगते, तिथे घडली, नवऱ्याने तिला प्रामाणिकपणे सगळं सांगितलं आणि तिने मान हलवली, तर मी त्या मान हलवण्याला संमती म्हणणार नाही. 'नाही' म्हटल्यावर झोपायला जागा असेल, तेव्हाच्या 'हो'ला किंमत असते. खरं सांगितलं की झालं, असं आजकाल जे म्हटलं जातं, ते म्हणून अपुरं आहे. खरं सांगणं लागतंच. पण ऐकणाऱ्याला उठून जाता येईल, एवढी सोय त्याआधी लागते.

इथे कुणी म्हणेल, इतक्या अटी घातल्यावर असं प्रेम करणार तरी किती जण? फार थोडे. एका माणसाबरोबर प्रामाणिकपणे राहणंही आपल्याला पुरतं जमलेलं नाही. दोघांबरोबर ते दुपटीहून अवघड आहे, कारण त्या दोघांचं एकमेकांशीही काही नातं असतं. पण थोड्यांना जमतं म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि बहुतेकांना जमत नाही म्हणून ते पापही ठरत नाही. एकनिष्ठा हीसुद्धा निवडली तरच मोलाची असते. दुसऱ्यावर प्रेम होऊच शकत नाही, असं मानणाऱ्या माणसाने एकनिष्ठ राहून विशेष काय केलं? होऊ शकतं, झालंही असतं, पण मी या एकाच घराला पुरायचं ठरवलं, असं म्हणणाऱ्याच्या एकनिष्ठेपुढे मी मान झुकवीन.

मैत्रिणीला मी पाडव्याच्या आदल्या दिवशी फोन केला. म्हटलं, "उलट करून बघ. तुझा नवरा उद्या सकाळी तुझ्याकडून ओवाळून घेईल आणि संध्याकाळी दुसऱ्या एखादीच्या दारात पाटावर बसेल. चालेल?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चालणार नाही. पण मी त्याला अडवायची नाही." मी म्हटलं, "मग हेच त्याला विचार. आणि तो नको म्हणाला, तर ताट काढू नकोस."

तिने विचारलं. नवरा म्हणाला, ओवाळणं आपलं राहू दे. जेवायला बोलाव त्यांना. ते गृहस्थ आले, जेवले, श्रीखंड दोनदा घेतलं आणि नऊ वाजता घरी गेले. त्यांना त्या दिवशीही कुणी ओवाळलं नाही.

दोघांवर प्रेम करता येतं का, हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. येतं. पण ज्या कुणाला त्यापायी काही सोडावं लागणार आहे, त्याला तो प्रश्न आधी विचारा, नंतर नव्हे. आणि त्याचं उत्तर 'नको' असं आलं, तर ते ऐकायची तयारी ठेवून विचारा.